भरवशाच्या आणि बेभरवशाच्या फ्रेंच मोटारी

१९६३ साली पूर्व आफ्रिकेतील सफारी शर्यतीत जेव्हा ८४ मोटारी चिखल, धूळ आणि फुगलेले ओढे यांनी भरलेल्या मार्गावर सोडण्यात आल्या, तेव्हा अखेरच्या ठाण्यावर रुजू झाल्या त्या अवघ्या ७. आणि त्या सातांत अग्रभागी होती ती कोणा नामांकित शर्यतबाज कारखान्याची गाडी नव्हे, तर फ्रान्समधील मध्यमवर्गीय गृहस्थाने रविवारी कुटुंबासह फिरावयास न्यावी अशी, प्यूजो कंपनीची '४०४' ही चार दारांची साधी सलून. १९६६ आणि १९६७ या दोन्ही वर्षी तीच जिंकली. १९६८ मध्ये पुन्हा सातच गाड्या शेवटास पोहोचल्या, आणि तेव्हाही पहिली आली ती ४०४. फ्रेंच मोटार म्हणजे दिसावयास देखणी परंतु स्वभावाने नाजूक, अशी जी समजूत जगभर रूढ आहे, तिला हे दप्तर मुळीच मानवत नाही. परंतु याच देशाने पुढे सित्रोएन 'एसएम'सारखी अशीही एक गाडी निर्माण केली की जिच्या इंजिनाचा धसका तिच्या भक्तांनीही घ्यावा. एकाच देशातील, कित्येकदा एकाच कारखान्यातील, अभियंत्यांच्या हातून इतकी परस्परविरोधी यंत्रे कशी निपजली, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

विश्वासार्हतेचे गणित ऐकावयास रूक्ष, पण समजावयास सोपे आहे. ज्या यंत्रातील कोणताही एक भाग बिघडला असता सारे यंत्र बंद पडते, त्या यंत्राचा भरवसा हा त्याच्या प्रत्येक भागाच्या भरवशाचा गुणाकार असतो. वर्षभर न बिघडण्याची शक्यता शेकडा ९९ असलेले ३० भाग एकत्र जोडले, तर वर्षभर यंत्र निर्वेध चालण्याची शक्यता शेकडा ७४ राहते. तसेच १०० भाग जोडले, तर ती शेकडा ३७ वर येते. प्रत्येक भाग उत्तम असूनही संपूर्ण यंत्र बेभरवशाचे ठरू शकते, ते असे. माझ्या मते जुन्या फ्रेंच मोटारींची प्रतवारी लावण्यास यासारखी दुसरी किल्ली नाही. कारण फ्रेंच अभियंत्यांची कल्पकता जेथे भाग वजा करण्यात खर्ची पडली, तेथे गाड्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, आणि जेथे ती भागांत भर घालण्यात रमली, तेथे गिऱ्हाइकांच्या नशिबी गॅरेजचे हेलपाटे आले.

वजाबाकीचा सर्वोत्कृष्ट नमुना म्हणजे १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आलेली सित्रोएन 'टू सीव्ही'. तिचे ३७५ घनसेंमीचे, दोन सिलिंडरांचे, जेमतेम ९ अश्वशक्तीचे इंजिन वॉल्टर बेकिया यांनी आखले. ते हवेने थंड होत असल्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होज पाइप नाही. हेड आणि सिलिंडर यांचे पृष्ठभाग इतके काटेकोर घासलेले की मध्ये गॅस्केटच नाही, आणि म्हणून हेड गॅस्केट उडण्याची भीतीही नाही. दोन्ही प्लगांना एकाच वेळी ठिणगी मिळते, त्यांपैकी एक वाया जाते. पण त्या उधळपट्टीच्या बदल्यात डिस्ट्रिब्यूटर हा नेहमीचा कटकटीचा भाग हद्दपार झाला आहे. पंखा थेट क्रँकशाफ्टच्या टोकावर बसविलेला असल्याने त्याचा पट्टा तुटण्याचा संभवच उरत नाही. (पॉइंट मात्र नेमके त्या पंख्यामागे दडविलेले आहेत, त्यामुळे ते साफ करावयाचे तर आधी पंखा काढावा लागतो. इतक्या हुशार माणसालाही फिटरचा थोडासा आकस असावा, असे तेवढ्यापुरते वाटते.) हे इंजिन दिवसभर पूर्ण दाबाने चालविले तरी तक्रार करीत नाही. १९६१ ते १९९२ या काळात ८० लाखांहून अधिक संख्येने निघालेली 'रेनो ४' याच पंथाची: ग्रीस भरण्याची एकही जागा नसलेली, पाण्याची व्यवस्था बंदिस्त केलेली, आणि आडव्या टॉर्शन बार एकामागे एक बसविल्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंच्या चाकांतील अंतरात जवळजवळ ५ सेंटिमीटरांचा फरक पडला तरी त्याची खंत न बाळगणारी.

प्यूजोची रीत याहून निराळी. तेथे चमत्कार नव्हते. जे एकदा सिद्ध झाले ते सहसा सोडावयाचे नाही, असा त्या घराण्याचा खाक्या होता. १९६८ साली '५०४' बाजारात आली तेव्हा ४०४ च्या इंजिनाचाच वारसा तिला मिळाला होता. त्या इंजिनाचे मर्म त्याच्या सुट्या, पाण्यात बुडालेल्या लायनरांत आहे. सिलिंडर झिजला, तर एरवी सारा ब्लॉक वर्कशॉपमध्ये नेऊन बोअर करावा लागतो. येथे जुना लायनर ओढून काढावयाचा, नवा लायनर-पिस्टनचा संच बसवावयाचा, आणि इंजिन पुन्हा बांधावयाचे, मग ते काम झाडाखाली का होईना. सेनेगलमध्ये सात उतारूंची टॅक्सी म्हणून ५०४ ची लांब गाडी दशकानुदशके धावली आणि नायजेरियातील कडुना येथे तिचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू राहिले, याचे श्रेय इंजिनाच्या बळाइतकेच त्या झाडाखालच्या मिस्त्रीलाही द्यावे लागेल.

महाराष्ट्रातील वाचकास हे घराणे अगदीच परके नाही. महिंद्रांच्या जीपगाड्यांत जे प्यूजो परवान्याचे एक्सडीपी ४.९० नावाचे डिझेल इंजिन बसविले जाई, ते ४ सिलिंडरांचे व ९० मिलिमीटर व्यासाचे २११२ घनसेंमीचे यंत्र ५०४ डिझेलच्या इंजिनाचेच भावंड होय; आणि आपल्या ग्रामीण भागात वडाप करणाऱ्या ज्या जीपगाड्यांनी आसनक्षमतेचे सारे हुकूम धाब्यावर बसवून माणसे वाहिली, त्यांपैकी कित्येकींच्या बॉनेटखाली हेच फ्रेंच इंजिन खडखडत होते. त्याची अधिक कठोर परीक्षा कोणत्या प्रयोगशाळेत झाली असेल, असे मला वाटत नाही.

आता भर घालणाऱ्यांकडे वळू. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएन 'डीएस'वर पडदा उघडला आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० मागण्या नोंदल्या गेल्या. पॉल माझेस यांनी सिद्ध केलेल्या तिच्या व्यवस्थेत इंजिनावर चालणारा एक पंप द्रवाला प्रचंड दाब देई, आणि तोच द्रव गाडी उचलून धरी, ब्रेक लावी, स्टिअरिंग हलके करी, क्लच दाबी व गिअरही बदली. चाकाजवळ स्प्रिंगऐवजी धातूचा गोळा. गोळ्यात रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगास नायट्रोजन, दुसऱ्या अंगास द्रव. इंजिन चालू करताच बसलेली गाडी सावकाश उठते आणि खड्ड्यांवरून अशी तरंगत जाते की त्या सुखाची बरोबरी पोलादी स्प्रिंगांना क्वचितच साधली असेल. पण गुणाकाराचा नियम येथे निर्दयपणे लागू पडतो: पाचही कामे एकाच द्रवावर सोपविल्यामुळे एका नळीची गळती ही साऱ्या गाडीची व्याधी ठरते. त्यातून प्रारंभीचा द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेणारा, म्हणजे ज्या पोलादी नळ्यांतून तो वाहावयाचा त्यांनाच आतून गंजविणारा. १९६६ च्या सुमारास त्याच्या जागी हिरवा खनिज द्रव आला आणि डीएसचे अर्धे आजार तेथेच संपले. मात्र जुन्या व्यवस्थेत चुकून हिरवा द्रव ओतला, किंवा नव्या व्यवस्थेत जुना लाल द्रव, तर रबरी सील नासून सारी यंत्रणा निकामी होते. याच गाडीची 'आयडी' नावाची स्वस्त आवृत्ती १९५७ मध्ये आली. तिच्यात क्लच आणि गिअर हातापायांनीच चालवावयाचे होते, आणि म्हणूनच ती थोरलीपेक्षा कमी रडली.

केवळ भागांची संख्या सर्व दोषांचा उलगडा करीत नाही, हेही खरे. कोणत्याही यंत्राच्या बिघाडांचा आलेख आरंभी उंच, मध्ये दीर्घकाळ सपाट आणि अखेरीस झिजेमुळे पुन्हा चढता असतो. आरंभीचे बिघाड कारखान्यातच भोगून संपवावे, की गिऱ्हाइकाच्या माथी मारावे, एवढाच प्रश्न असतो. १९३४ साली आंद्रे सित्रोएन यांनी कर्जाच्या तगाद्याखाली पुढच्या चाकांवर ओढली जाणारी 'त्राक्सियों आव्हाँ' पुरेशी चाचणी न घेता बाजारात आणली. ड्राइव्ह शाफ्ट तुटू लागले, गिअर बॉक्स दगा देऊ लागले. डिसेंबरात कंपनीचे दिवाळे निघून ती मिशेलिनच्या ताब्यात गेली आणि पुढच्या जुलैत सित्रोएन वारले. तीच गाडी सुधारून १९५७ पर्यंत साडेसात लाखांवर निघाली आणि भरवशाची म्हणून नावाजली गेली, हे पाहावयास ते हयात नव्हते.

आणि निव्वळ बेभरवशाच्या कोणत्या, म्हणाल तर माझी यादी लहान आहे. रेनोची 'डोफीन' तिच्या पत्र्याला लागणाऱ्या गंजामुळे, आणि शहरी रस्त्यांसाठी बनविलेले ८४५ घनसेंमीचे इंजिन अमेरिकेच्या लांबच लांब महामार्गांवर सोडल्यामुळे. १९७० ची 'एसएम' तिच्या मासेराती इंजिनातील साखळीमुळे: तिचा ताण आपोआप राखला जात नाही, हाताने जुळवावा लागतो, तो सैल पडला की साखळी सुटते आणि व्हॉल्व्ह पिस्टनांवर आदळतात. सित्रोएनच्या मिस्त्रीला हे इटालियन इंजिन कळेना, आणि इटालियन इंजिन जाणणाऱ्याला फ्रेंच हायड्रॉलिक्स उमजेना. १९७३ ची 'जीएस बिरोटोर' तर या दोघींच्याही पलीकडची: पिस्टनऐवजी फिरते त्रिकोणी रोटर असलेली ही गाडी तेलसंकटाच्या ऐन मुहूर्तावर अवतरली, पेट्रोल पिण्यात तिने हात आखडता घेतला नाही, आणि ८४७ नग निघाल्यावर सुट्या भागांची जबाबदारी नको म्हणून कंपनीने मिळतील तेवढ्या गाड्या परत विकत घेऊन मोडीत काढल्या.

फ्रान्समध्ये वा इंग्लंडात राहणाऱ्या एखाद्या मराठी वाचकास अशी जुनी गाडी घेण्याची उबळ आली, तर त्याने बॉनेट उघडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. कारण यांपैकी बहुतेक गाड्या इंजिनाने नव्हे, गंजाने मेल्या. टू सीव्हीची पेटीसारखी चासी आतून कुजते, तेव्हा ती स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावी. आवाज बद्द आला तरी फार घाबरू नये, जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी विकत मिळते. रोजच्या वापरास रेनो ४ किंवा ५०४ डिझेल घ्यावी. डीएस घेतलीच, तर हिरव्या द्रवाची घ्यावी. आणि मन एसएमवरच जडले असेल, तर साखळीच्या कामाची पावती हाती पडल्याखेरीज बयाणा देऊ नये.