चढाला गाडी थरथरते, ती का?

जोतिबाची चैत्री यात्रा असो की पाहुण्यांकडचे लग्न, कोडोलीच्या अनेक घरांतून आता चारचाकी बाहेर पडते. पूर्वी बैलगाडीचे चाक कुरकुरले की घरधनी ओळखायचा, वंगण संपले. मोटारही तशीच बोलत असते. तिचे बोलणे मात्र आपण ऐकून घेत नाही.

नेहमीचा अनुभव पाहा. वारणानगरच्या वाटेवर पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात. त्या ओलांडाव्यात म्हणून ॲक्सिलरेटर दाबावा, तो गाडी अंगात आल्यासारखी थरथरू लागते. पाय उचलला की शांत. मग आपण गॅरेजात जाऊन सांगतो, "मिस्त्री, गाडी लई थरथरतीया बघा." एवढ्यावरून मिस्त्री तरी काय ओळखणार? चाकांचे बॅलन्सिंग होते, पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

म्हणून आधी घरच्या घरी थोडी पारख करावी. सर्वांत प्रथम चाकांचे नट पान्याने घट्ट आहेत ना आणि टायरला कुठे फुगा आलेला नाही ना, हे पाहावे. नट ढिले असतील तर गाडी हलवूच नये.

मग गाडी सपाटीला उभी करून हँडब्रेक ओढावा आणि न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. उभ्या गाडीतही थरथर आली, तर दोष इंजिनात किंवा इंजिन ज्या रबरी फौंडेशनवर बसते त्यात असू शकतो. पेट्रोल गाडीचे प्लग व डिझेल गाडीचे नोझल तपासून घ्यावेत.

उभी गाडी शांत असेल, तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर न्यावी. ज्या वेगाला थरथर येते, त्या वेगाला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा. चाके तेव्हाही फिरतच असतात. तरीही थरथर चालू राहिली, तर टायर, रिम किंवा बॅलन्सिंगकडे बघावे. पाय उचलताच ती थांबली, तर इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांवर संशय घ्यावा. फौंडेशनही इथे विसरू नये. फाटलेले रबर कधी कधी जोर पडल्यावरच दगा देते. फक्त जागेवरून निघताना गाडी हादरत असेल, तर बहुधा क्लचप्लेटचे काम असते.

जीपसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हा जोर प्रोपेलर शाफ्ट नेतो. त्याच्या टोकांना क्रॉस असतात. ग्रीस मिळाले नाही की ते झिजतात. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्या गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर रबरी बूट असतो. खोडव्याच्या रानातून किंवा खडबडीत पाणंदीने गाडी नेताना तो फाटला, की ग्रीस बाहेर पडते आणि माती आत शिरते. मग आतले खोबण झिजते आणि जोर दिला की गाडी डावी-उजवी थरथरते. बूट वेळीच बदलला, तर पुढचा मोठा खर्च वाचतो.

प्रोपेलर शाफ्ट खोलण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करायला मिस्त्रीला जरूर सांगावे. जोडताना तो फिरून बसला, तर क्रॉस नवा घालूनही थरथर येते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

हे दुखणे अंगावर काढू नये. झिजलेला क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यावर पडतो, आणि तो तुटण्याचा संभव जोर पडताना, म्हणजे ट्रॉली ओलांडताना किंवा घाट चढताना अधिक. त्या वेळी गाडीत म्हातारी आई असते, पोरेबाळे असतात.

चालवणाऱ्याने रस्त्याकडेच बघावे. शेजारी बसलेल्या घरच्या माणसाने वेग, गिअर, चढ की सपाटी आणि पाय उचलल्यावर काय झाले, एवढे वहीत टिपावे. पुढच्या खेपेला मिस्त्रीला सांगावे, "तिसऱ्या गिअरात, चढाला, ४० च्या वेगाला थरथरतीया, पाय उचलला की थांबतीया." मग चाकाला हात न लावता तो सरळ गाडीखाली बघेल.