‘बदलून टाकू का?’ला लगेच ‘हो’ म्हणू नका

सकाळी आमगाव किंवा तिरोड्याहून गाडीने गोंदियाला यायचं, गाडी शोरूमला सर्व्हिसिंगला टाकायची आणि कॉलेज गाठायचं. दुपारी लेक्चर सुरू असताना फोन येतो, ‘‘ब्रेक शू घासलेत, एअर फिल्टर खराब आहे, इंजिन फ्लश पण करून टाकू का?’’ सर समोर उभे. तुम्ही हळूच म्हणता, ‘‘हो, करा.’’ संध्याकाळी सातशेची सर्व्हिसिंग दोन हजारांना पडलेली असते. घरी धानाचे चुकारे अजून जमा व्हायचे असतात. बाबांना काय सांगणार?

माझं हे दोनदा झालंय. दुसऱ्यांदा घरी येऊन गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडली (आयुष्यात पहिल्यांदाच!). त्यात इंजिन फ्लशचा उल्लेखच नव्हता. किती किलोमीटरला काय तपासायचं आणि काय बदलायचं, याचा तक्ता मात्र होता. तो मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. फोन आला की आधी तक्ता बघा, मग बोला.

तिकडच्या पोराचीही बाजू आहे. बहुतेक ठिकाणी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या डोक्यावर टार्गेट असतं. म्हणून त्याच्याशी भांडू नका, दाखवायला सांगा. बऱ्याच गाड्यांच्या ड्रम ब्रेकजवळ बाणाची खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण मर्यादेच्या खुणेला टेकला, तर शू खरंच संपलेत. चेन सेट बदला म्हणाले, तर मागच्या दातेरी चाकावरची चेन मागे ओढून बघा. चेन दातांवरून उचलली जात असेल किंवा दात टोकदार, वाकडे झाले असतील, तर खर्च खरा.

गाडी देताना जॉब कार्डवर सही करतो ना आपण, न वाचता? त्यावरच लिहा, ‘विचारल्याशिवाय पार्ट बदलू नये, जुने पार्ट परत द्यावेत.’ अंदाजे खर्चही लिहून घ्या. आणि पक्कं बिल मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

‘बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल’ हे वाक्यही ऐकलं असेल. कारच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कंपन्यांना दंड ठोठावला होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही बजावलं होतं. दुचाकीच्या वॉरंटीच्या अटी मात्र स्वतः वाचा. त्या कंपनीगणिक वेगळ्या असतात.

तरीही फसवणूक झालीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. गाडी नागपूरला दाखवली असली, तरी तुम्ही गोंदिया जिल्ह्यात राहत असाल तर तक्रार इथल्या आयोगात करता येते.

मागच्या महिन्यात पुन्हा फोन आला, ‘‘एअर फिल्टर बदलू का?’’ म्हटलं, ‘‘थांबा, लेक्चर संपवून येते.’’ जाऊन बघितलं, तर राइस मिलच्या रस्त्यावरची सगळी धूळ त्यात बसलेली. बदलायला सांगितला. जुना फिल्टर पिशवीत घालून घरी आणला, बाबांना दाखवायला.