पंधरा मिनिटांची परीक्षा

पाहुणचार हा काय संशोधनाचा विषय? पण स्वित्झर्लंडात लोझानला हॉटेलविद्येची शाळा १८९३ सालीच निघाली, आणि आज या विषयाच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात. तेथे निबंध मांडायला मिळतात जेमतेम पंधरा-वीस मिनिटे. मग प्रश्नांची सरबत्ती! त्यांत सर्वांत अवघड प्रश्न हा की, लोक सांगतात तसे वागतात का?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेला अनुभव पाहा. एका चिनी जोडप्यासह ते हॉटेले, उपाहारगृहे मिळून २५१ ठिकाणी गेले. नकार मिळाला एकदाच. पुढे पत्राने विचारले, तेव्हा उत्तरे देणाऱ्यांपैकी शेकडा ९०हून अधिकांनी 'चिनी पाहुणे घेणार नाही' असे कळवले! निव्वळ प्रश्नावलीच्या भरवशावर व्यासपीठावर चढणाऱ्याने हे विसरू नये.