विहीर आटली, आता वही काढा
मैत्रिणींनो, चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या उघड्या खाणींजवळ आम्ही राहतो. धुण्यावर बसलेली काळी धूळ झटकता येते, पण विहीर आटली तर? खाणीचा खड्डा विहिरीहून खोल जातो. आजूबाजूचं जमिनीतलं पाणी तिकडे झिरपतं आणि कोळसा काढता यावा म्हणून पंपाने उपसून टाकतात. आम्ही विहीर दोनदा खोल केली. पाणी पुन्हा खालीच गेलं.

यासाठी पैसा आहे बरं का. २०१५ साली खाण कायदा बदलला आणि खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. रॉयल्टीशिवाय तिच्या ३० टक्के रक्कम जुन्या खाणींनी आणि १० टक्के नंतर लिलावाने दिलेल्या खाणींनी इथे भरायची. पिण्याचं पाणी, प्रदूषण रोखणं, आरोग्य, बायामुलांची कामं यांना त्यात आधीचा मान. आमच्याकडे मात्र आधी सभामंडपच आठवला!

मग आमच्या गटाने उन्हाळाभर दर सोमवारी विहिरीत दोर सोडून पाण्याची खोली वहीत लिहिली आणि ती वही ठरावासोबत ग्रामसभेत ठेवली. ठरावाची शिक्क्याची प्रत तेवढी जवळ ठेवा. आमचा पहिला ठराव कुठे गेला, ते अजून कळलेलं नाही.