एकत्र शिकले, तरच एकत्र राबतील

गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ डॉक्टर वाढवून हा आकडा खाली येणार नाही. डॉक्टर औषध लिहून देईल. परंतु पथ्य समजावणारी परिचारिका, गोळ्या केव्हा घ्याव्यात ते सांगणारा औषधनिर्माता आणि घरी जाऊन विचारपूस करणारी आरोग्यसेविका यांची सांगड नसेल, तर ते औषध फळीवरच राहील. दुर्दैव असे की, ही मंडळी वेगवेगळ्या छपरांखाली शिकतात आणि नेमणुकीच्या दिवशी प्रथमच एकमेकांस भेटतात. मग एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानी पडत नाही आणि हेलपाटे मात्र रुग्णाच्या नशिबी येतात.

ही जाणीव नवी नव्हे. आरोग्यसेवकांना एक संघ म्हणून काम करण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यानेच सांगून ठेवले आहे. त्याचे प्रत्यंतरही आपल्याच भूमीत आले. नैराश्य व चिंताविकार यांवरील ‘मानस’ प्रयोग गोव्यातील १२ सरकारी आरोग्यकेंद्रांत आणि १२ खाजगी दवाखान्यांत झाला. खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशक, केंद्राचे डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून रुग्ण सांभाळले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. जेथे अशी जोड नव्हती, तेथे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. सरकारी केंद्रांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा.

मग करावे काय? वैद्यकीय विद्यार्थ्यांनी काही कुटुंबांच्या आरोग्याची पालकी घ्यावी, असा क्रम २०२१-२२ च्या तुकडीपासून सुरू झाला आहे. त्या उंबरठ्यावर परिचर्येच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही बरोबर न्यावे. तिघांनी एकच टिपण लिहावे आणि त्यावरच तिघांची परीक्षा व्हावी, असे आम्हांस वाटते. यास नव्या इमारतीची गरज नाही. गरज आहे ती, परिचारिकेचे म्हणणेही ऐकावे लागते, हे भावी डॉक्टरांच्या मनावर वेळीच ठसविण्याची.

रापण ओढताना सर्वांचे हात एका तालात पडले, तरच जाळे किनाऱ्यास लागते. १८४२ पासून वैद्यकशिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या गोव्याला हे कोणी नव्याने शिकवावे लागू नये.