पावली टाका, गाणं ऐका!

गाणं ऐकायला आज काय लागतं? फोन, नेट आणि एक अंगठा. नाही आवडलं, की त्याच अंगठ्याने पुढचं गाणं!

माझा मामा 1970च्या दशकात कॉलेजात होता, तेव्हा मामला वेगळा होता. कॅम्पातल्या इराण्याकडे एका गाण्यासाठी पावली मोजावी लागायची. पावली म्हणजे चार आणे, पंचवीस पैसे. ती ज्यूकबॉक्सच्या फटीत टाकायची, बटणं दाबायची आणि काचेमागे आपली रेकॉर्ड कशी लागते ते बघत उभं राहायचं. पैसे एकाचे, गाणं मात्र अख्ख्या हॉटेलला! "भलतंच गाणं लावलं तर सगळी टेबलं वळून बघायची. त्यामुळे जाम विचार करून बटण दाबायचो," मामा अजून सांगतो.

आता समजा, असं एखादं मशीन जुन्या बाजारात किंवा बंद पडलेल्या हॉटेलाच्या माळ्यावर तुमच्या हाती लागलं. पहिला मोह कसला होतो? आतलं सगळं भंगारात द्यायचं, ब्लूटूथ स्पीकर बसवायचा आणि रंगीत दिवे लावायचे. फोटो सॉलिड येतात, वाद नाही. पण मग उरतं ते कपाट. ज्यूकबॉक्स गेलेला असतो.

कूल, पण 1889पासून

ही आयडिया किती जुनी? 23 नोव्हेंबर 1889 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सलूनमध्ये लुई ग्लास यांनी नाणं टाकून वाजणारा फोनोग्राफ ठेवला. गाणं कानाला नळी लावून ऐकायचं. 1946चं वुर्लिट्झर 1015 हे कमानदार, रंगीत दिव्यांचं मशीन तर आजही 'ज्यूकबॉक्स' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं. 1950मध्ये सीबर्गचं एम 100 बी आलं. त्यात 45च्या स्पीडच्या 50 लहान रेकॉर्ड्स आणि दोन्ही बाजू धरून 100 गाणी! आपल्याकडे कुलाब्याचं कॅफे माँडेगर मारिओ मिरांडांच्या भिंतीवरच्या चित्रांइतकंच ज्यूकबॉक्ससाठीही ओळखलं गेलं.

आवाज का बसतो?

अमेरिकेत वीज साधारण 120 व्होल्टची, आपल्याकडे 230ची. त्यामुळे अमेरिकेहून आलेलं मशीन थेट आपल्या प्लगला लावलं, तर धूर निघायला वेळ लागत नाही. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं. गंमत पुढेच आहे. तिकडची वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची, आणि हा फरक साधा ट्रान्सफॉर्मर मिटवत नाही. मोटर त्या हिशेबानेच फिरते, म्हणून 45ची रेकॉर्ड जेमतेम साडेसदतीसने फिरायला लागते. पांढरी पाचमधलं गाणं उतरून पांढरी तीनच्या आसपास येतं. गायिका सर्दी झाल्यासारखी गाते! यावर उपाय म्हणजे मोटरच्या दांड्यावर त्याच प्रमाणात जाड पुली किंवा बाही बसवणं. कामाला चांगला टर्नर हवा आणि माप अचूक हवं.

बाकी काम चिकाटीचं. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते खरवडून काढायचं. रबरी चाक कडक झालेलं असतं. अँप्लिफायरमधले जुने कपॅसिटर बदलावे लागतात, ते तपकीर गल्लीत शोधता येतील. व्हॉल्व्हसाठी मात्र जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या काकांना गाठा. ते काका निवृत्त व्हायच्या आत गाठा, कारण व्हॉल्व्ह बाहेरून मागवता येतो, तो ऐकून ओळखणारा कान मागवता येत नाही.

खोटं नाणं, खरं नाणं

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे नाणं पारखणारी यंत्रणा. आत पडलेलं नाणं ती आकाराने मोजते, वजनाने तोलते आणि लोखंडाचा तुकडा असेल तर चुंबकाने अडवते. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं 21 मिलिमीटरचं, 5 ग्रॅमचं. आपली तांबं-निकेलची पावली 19 मिलिमीटरची, अडीच ग्रॅमची. म्हणजे सगळं माप नव्याने लावणं आलं. त्यातही 1988पासून आलेली गेंड्याच्या चित्राची पावली स्टीलची, चुंबकाला चिकटणारी. चुंबकवाल्या मशीनला ती खोटीच वाटणार!

बरेच जण इथे कंटाळतात आणि नाण्याऐवजी साधं बटण लावतात. 30 जून 2011पासून पावली चलनातूनच गेली, मग एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण फुकट बटण आलं, की आवडलं नाही म्हणून मध्येच पुढे जाणंही आलं. पावली टाकली की तीन मिनिटं आपण आपल्या निवडीशी बांधले जातो, आणि बाकीचेही आपल्याबरोबर ऐकतात. दुरुस्त करायचं असेल तर ते हे.

मामाच्या कपाटात पानाच्या जुन्या डब्यात सात पावल्या आहेत. बँकेला चालत नाहीत, त्याला टाकवत नाहीत.

"मशीन सापडलं तर फोन कर," तो म्हणतो. "पहिलं गाणं माझं ठरलंय."

मशीन घेण्याआधी

● वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन आधी प्लगला लावू नका. आत काय शिल्लक आहे ते जाणकाराकडून तपासून घ्या.

● प्लग काढला तरी व्हॉल्व्ह अँप्लिफायरमधल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठून राहू शकतो. हौस म्हणून हात घालू नका.

● 45च्या अनेक मशीनना मधे सुमारे 38 मिलिमीटरचं मोठं भोक असलेली रेकॉर्ड लागते. घरातली छोट्या भोकाची ईपी त्यात बसणार नाही.

● काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवा. तुमच्यानंतर कुणाला तरी मशीन मूळ रूपात आणावंसं वाटेल.