हळदीचा बेंजो, भगताचे घुंगरू

कुटुंबातील संगीतपरंपरा म्हटली की मराठी वाचकाला शास्त्रीय संगीताची घराणी आठवतात; परंतु उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात वाद्य बापाकडून लेकाकडे जाते ते बहुधा तालमीच्या खोलीत नव्हे, तर हळद, लग्न, जत्रा आणि भजन अशा प्रसंगांत, आणि म्हणूनच जेथे प्रसंग टिकला तेथे वादनही टिकले, असे म्हणता येते.

आगरी-कोळी समाजाच्या हळदीत वाजणारा बेंजो हे याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील कातड्याने मढवलेल्या बँजोशी त्याचे नाते नावापुरतेच असून, हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचा भाऊबंद, आणि या दोहोंचे मूळ गोरो मोरिता यांनी १९१२ साली जपानमधील नागोया येथे घडवलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. लांबट लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यावर टंकयंत्रासारखी बटणे बसवलेली असतात. डाव्या हाताने बटण दाबले की त्याखालची पट्टी तारेला टेकते, तारेचा कंप पावणारा भाग आखूड होऊन सूर चढतो, आणि त्याच वेळी उजव्या हातातील नखीने तार छेडली जाते. दोन बटणांमधला सूर सहजी हाती लागत नसल्याने एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाण्याची मींड या वाद्याला अवघड जाते. उलट तुटक, ठसठशीत आणि वेगवान चाल त्यावर खुलते, आणि नाचणाऱ्या मांडवाला तेवढेच हवे असते. येथे स्वरलिपीचे काम पडत नाही: पोर वाजवणाऱ्याच्या बोटांकडे पाहत बसते, चाल कानात मुरते आणि बटणांच्या जागा हळूहळू हाताला पाठ होतात. हेच वाद्य सिंध-बलुचिस्तानात बेंजू म्हणून रुजले, हा योगायोग उल्हासनगरच्या संदर्भात मोठा गमतीचा आहे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये वसली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांच्या परंपरेत भगत, म्हणजे गायन, नृत्य आणि कथन यांचा रात्र रात्र चालणारा भक्तिप्रयोग, मोलाचा होता. लांब पायघोळ जामा, डोक्यावर पगडी आणि पायांत घुंगरू असा गायकाचा वेश असे. या कलेतील सर्वांत वंदनीय नाव संत कंवरराम (१८८५–१९३९) यांचे असून ते रहडकीच्या संत सतरामदासांकडे शिकले, म्हणजे येथे वारसा गुरूकडून शिष्याकडे आला. भगत मात्र शब्दांवर उभा असतो. घरातली सिंधी बोली मागे पडली की ढोलकाची साथ शिकलेला मुलगाही गाण्याबाहेरच राहतो, तर बेंजोला भाषेची अशी अडचण नसते.

आगरी लग्नात आणखी एक वारसा आहे आणि तो स्त्रियांचा आहे. विवाहविधींच्या वेळी धवलारीण, म्हणजे धवले गाणारी जाणती स्त्री, केवळ स्मरणातून गाते, आणि हे गाणे तिच्यासोबत बसून इतर बायका उचलतात. त्याला वाद्य लागत नाही, की ध्वनिवर्धकही लागत नाही. फक्त धवला ऐकू यायचा असेल, तर तेवढा वेळ बेंजो थांबवावा लागतो.